पोटावरची पिशवी बंद झाल्यानंतरचा शौचाचा त्रास

आपण लिहिलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. वडिलांचे वय ६३ आहे. गुदाशयाच्या खालच्या भागात कर्करोग निघाल्यामुळे त्यांना आधी रेडिएशन आणि केमोथेरपी मिळाली, मग गुदाशय काढून मोठ्या आतड्याचे टोक गुदद्वाराच्या जवळ जोडण्यात आले आणि तो जोड भरून येईपर्यंत पोटावर तात्पुरती पिशवी ठेवली गेली. पिशवी बंद होऊन चार महिने झाले आहेत. आता त्यांना दिवसातून बारा ते पंधरा वेळा शौचाला जावे लागते, सकाळचे दोन तास संडासातच जातात, दर वेळी थोडेसेच होते आणि उठून आले की पुन्हा कळ येते. रात्री दोनदा उठावे लागते, कधी कपडे खराब होतात, म्हणून त्यांनी रात्रीचे जेवण सोडले आहे आणि घराबाहेर पडणेही बंद केले आहे. हा त्रास कायमचा आहे का, पिशवी बंद करण्याचा निर्णय चुकला का, आणि औषध कोणते द्यावे, असे आपण विचारले आहे.

पिशवी बंद करण्याचा निर्णय चुकला असे या माहितीवरून म्हणता येत नाही, आणि आजची स्थिती हीच अखेरची स्थिती आहे असेही नाही. पिशवी बंद झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात बहुतेक रुग्णांचा त्रास बराच कमी होतो आणि पुढेही, साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत, थोडी थोडी सुधारणा होत राहते. मात्र ‘होईल हळूहळू’ एवढे ऐकून घरी बसणे मला मान्य नाही. या त्रासावर क्रमाने करण्याचे उपचार आहेत, ते साधे आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्या अनेक रुग्णांना ते कोणी सांगितलेलेच नसतात, कारण कर्करोग गेला या आनंदात शौचाची तक्रार करणे रुग्णाला कृतघ्नपणाचे वाटते आणि तपासणीच्या गर्दीत डॉक्टरही त्याविषयी विचारत नाहीत.

आधी हे का होते ते समजून घेतले पाहिजे. गुदाशय हा आतड्याचा शेवटचा सुमारे १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग असतो. तो सैलावून मळ साठवतो, आत आलेला पदार्थ वायू आहे, पातळ आहे की घट्ट आहे हे ओळखतो आणि सोयीची वेळ येईपर्यंत थांबू देतो. ब्रिटिश शल्यविशारद बिल हील्ड यांनी १९८२ साली गुदाशय त्याच्या भोवतालच्या चरबीच्या आवरणासह नेमक्या थरातून काढण्याची पद्धत मांडली. तिच्यामुळे कर्करोग पुन्हा होण्याचे प्रमाण घटले आणि पुढे पुष्कळ रुग्णांचे गुदद्वार वाचवणे शक्य झाले. पण गुदद्वार वाचले तरी साठवणीची जागा गेलेली असते. तिच्या जागी आलेले मोठे आतडे अरुंद असते, ते ताणले जाण्याऐवजी आकुंचन पावते, त्यामुळे थोडासा मळ आला तरी कळ येते आणि तो एका वेळी पूर्ण बाहेर पडत नाही. रेडिएशनने हा भाग आणखी ताठ होतो आणि गुदद्वार आवळणाऱ्या स्नायूंची ताकदही काही अंशी घटते. जोड जितका खाली, तितका त्रास अधिक. आपल्या वडिलांच्या बाबतीत खालचा जोड आणि रेडिएशन ही दोन्ही कारणे आहेत, म्हणून त्यांचा त्रास सरासरीपेक्षा जास्त असणे अपेक्षितच होते. या सगळ्या लक्षणांना मिळून लो अँटिरियर रिसेक्शन सिंड्रोम म्हणतात आणि डॉक्टर त्याचा उल्लेख ‘लार्स’ असा करतात.

त्याची तीव्रता मोजण्यासाठी डेन्मार्कमधील एमर्ट्सन आणि लॉरबर्ग यांनी २०१२ साली पाच प्रश्नांची गुणपद्धती प्रसिद्ध केली. वायू रोखता येतो का, पातळ शौच नकळत होते का, दिवसातून किती वेळा जावे लागते, एकदा जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा जावे लागते का, आणि धावतच जावे लागेल अशी घाई होते का, हे ते पाच प्रश्न. एकूण गुण ४२ असतात. २० पर्यंत गुण असल्यास त्रास नाही असे मानतात, २१ ते २९ म्हणजे सौम्य आणि ३० पासून पुढे तीव्र. यातील गुणांची विभागणी मला फार बोलकी वाटते. दिवसातून सातपेक्षा जास्त वेळा जाणाऱ्याला त्याबद्दल फक्त ४ गुण मिळतात, पण आठवड्यातून एकदा जरी पुन्हा पुन्हा जावे लागत असेल तर ११ आणि घाई होत असेल तर १६. माणसाचे जगणे कशाने अडते, त्यावरून हे गुण ठरवलेले आहेत. घरातील मंडळी मात्र फक्त ‘आज किती वेळा?’ एवढेच विचारत राहतात. बारा वेळांचे आठ झाले की नाही यापेक्षा वडिलांना दहा मिनिटे थांबता येऊ लागले का आणि सकाळचे दोन तास पाऊण तासावर आले का, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. उपचाराचे लक्ष्य हेच ठेवा.

औषध सुरू करण्यापूर्वी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि जोड अरुंद झाला आहे का, हे त्यांच्याकडून बोटाने किंवा दुर्बिणीने तपासून घ्या. जोड आवळला गेला असेल तर मागे घट्ट मळ अडकतो आणि त्याच्या बाजूने पातळ झिरपत राहते. वरून ते जुलाबासारखे दिसते आणि तिथे जुलाब बंद करण्याची गोळी दिली की त्रास वाढतो. दुसरे म्हणजे त्यांची बाकीची औषधे डॉक्टरांसमोर मांडा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या बऱ्याच जणांना त्यानेच पातळ होते, मॅग्नेशियम असलेल्या अॅसिडिटीच्या औषधानेही होते. आणि ‘पोट साफ होत नाही’ असे रुग्ण म्हणतो म्हणून घरात कोणी त्रिफळा चूर्ण किंवा एरंडेल देत असेल तर ते आजच थांबवा.

आता जेवणाकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्या पत्रातील सर्वांत काळजीची बाब तीच आहे. उपाशी राहिल्याने हा त्रास जात नाही. रिकाम्या आतड्यातही पाचक रस, पित्त आणि चिकट स्राव तयार होतच असतो, तो पातळ असतो आणि पातळ पदार्थ रोखणे सर्वांत अवघड. शिवाय दिवसभर उपाशी राहून एकदम पोटभर जेवले की आतड्यांची हालचाल जोरात होते आणि रुग्णाला वाटते की अन्नच आपले वैरी आहे. कर्करोगाच्या उपचारातून उठलेल्या माणसाचे वजन आणि स्नायू या चक्रात घटत जातात आणि त्यात गुदद्वाराचे स्नायूही आले. म्हणून वडिलांना दिवसातून पाच वेळा थोडे थोडे, ठरलेल्या वेळी खाऊ द्या, आणि रात्रीचे जेवण बंद न करता सात-साडेसातला, हलके, झोपेच्या तीनएक तास आधी ठेवा. मऊ भात, दहीभात, उकडलेला बटाटा, साबुदाणा, पिकलेले केळे, साल काढून शिजवलेले सफरचंद यांनी मळ घट्ट होण्यास मदत होते. अंडे, मासे, पनीर, मुगाचे साधे वरण यांतून प्रथिने मिळतात. हिरव्या मिरचीचा ठेचा, तिखट रस्सा, कच्चा कांदा, कोबी, वाल, पावटा, चवळी, मोड आलेली मटकी, तसेच साखरेऐवजी सॉर्बिटॉल घातलेल्या ‘शुगर फ्री’ गोळ्या आणि मिठाई यांनी बऱ्याच जणांना त्रास होतो, पण सगळ्यांना सगळ्याने होत नाही. यादी पाहून एका दिवसात अर्धे स्वयंपाकघर बंद करू नका. एक पदार्थ तीन दिवस वगळा, फरक पडला तर दूर ठेवा, नाही पडला तर परत द्या. दुधाचीही अशीच परीक्षा घ्या. दूध सोसत नसलेल्यांनाही दही अनेकदा चालते. उठल्याबरोबर घेतलेला कडक चहा मात्र आतड्यांना हमखास जागे करतो. बाहेर जायच्या दिवशी तो टाळावा आणि घरी असताना मुद्दाम त्याचाच उपयोग करून घ्यावा, म्हणजे चहा घ्यायचा आणि पुढचा तासभर शौचासाठी मोकळा ठेवायचा. पाणी कमी करू नका, फक्त जेवताना भरपूर पिण्याऐवजी दोन जेवणांच्या मध्ये प्या.

यानंतर इसबगोल. बद्धकोष्ठतेसाठी ते मोठ्या पेलाभर पाण्यातून घेतात, हे सर्वांना ठाऊक आहे. इथे उद्देश उलटा आहे. एक लहान चमचा इसबगोल अर्धा कप पाण्यात किंवा दहीभातात कालवून घ्यावे आणि त्यानंतर तासभर फार पाणी पिऊ नये, म्हणजे ते आतड्यातील पाणी शोषून मळाला आकार देते. घट्ट, एकसंध मळ एका वेळी बाहेर पडतो आणि तुकड्यातुकड्यांनी जाणे कमी होते. आठवडाभर रोज घेऊन पाहा. गॅस आणि फुगारा वाढला तर मात्रा निम्मी करा, तरीही जमले नाही तर सोडून द्या. जोड अरुंद असल्यास इसबगोल घेऊ नये, हे वर सांगितलेल्या तपासणीचे आणखी एक कारण.

लोपेरामाइड ही २ मिलिग्रॅमची गोळी आतड्याची गती मंदावते आणि गुदद्वाराच्या स्नायूचा ताणही थोडा वाढवते. ती जुलाब झाल्यावर घ्यायची अशी समजूत आहे आणि इथेच बहुतेक जणांचे गणित चुकते. लार्समध्ये ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, म्हणजे जेवणाने आतडी हलू लागण्यापूर्वी तिचा परिणाम सुरू झालेला असतो. सुरुवात नाश्त्यापूर्वी एका गोळीने करावी, रात्री उठावे लागत असेल तर दुसरी झोपण्यापूर्वी, आणि दर दोन-तीन दिवसांनी परिणाम पाहून डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा वाढवावी. दिवसाला १६ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे, ती ओलांडल्यास हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. हृदयविकार किंवा ठोक्यांवर परिणाम करणारी औषधे चालू असतील तर ते आधी सांगा. ताप असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा पोट फुगले असेल तर ही गोळी घेऊ नये. मात्रा जास्त झाली की दोन दिवस काहीच होत नाही आणि तिसऱ्या दिवशी सगळे एकदम होते. असे झाले तर ते औषध निरुपयोगी ठरले असे समजू नका, मात्रा कमी करा. सकाळी ग्लिसरीनची गुदद्वारातून ठेवायची वडी वापरून एकदा नीट पोट मोकळे करायचे आणि मग गोळी घेऊन दिवसभर शांत राहायचे, ही जोडी काही रुग्णांना फार चांगली लागू पडते.

याच्या जोडीने स्नायूंचा व्यायाम हवा. वायू रोखताना आपण जसे आतून आवळतो तसे आवळून मनात पाच अंक मोजायचे, मग दहा अंक मोजेपर्यंत पूर्ण सैल सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, मांड्या आणि नितंब घट्ट करायचे नाहीत. काही आठवड्यांनी पाचाचे दहा अंक करावेत. कळ आली की लगेच धावण्याची सवय आतड्याला अधिकच उतावीळ करते, म्हणून संडासापासून चार पावलांवर खुर्ची ठेवून वडिलांना तिच्यावर बसवा, आवळून, लांब श्वास घेत कळेची पहिली लाट जाऊ द्या आणि मग जाऊ द्या. आज एक मिनिट, पुढच्या आठवड्यात दोन. कमोडवर बसताना पायांखाली छोटा पाट घ्यावा, पुढे झुकावे, कुंथू नये आणि दहा मिनिटांत उठावे. ‘अजून आहे’ ही जाणीव दर वेळी खरी नसते. ताठ झालेल्या जोडाच्या जागीही तशीच जाणीव होते आणि तिच्या नादी लागून माणूस तासभर बसून राहतो. पेल्व्हिक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे काम जाणणारे फिजिओथेरपिस्ट आता मुंबई-पुण्यात मिळतात. बायोफीडबॅक यंत्राच्या साहाय्याने रुग्ण योग्य स्नायू आवळतो आहे का, हे त्यांना दाखवता येते. शक्य असल्यास निदान दोन-चार वेळा त्यांच्याकडे जावे.

हे सगळे दीड-दोन महिने नीट करूनही तीव्र त्रास राहिला, तर पुढची पायरी म्हणजे गुदद्वारातून कोमट पाण्याने आतडे धुणे, आणि ती सांगितली की रुग्णांचे चेहरे उतरतात. तरीही मी तिच्याविषयी आग्रहाने लिहितो, कारण तीव्र लार्समध्ये इतका फरक पाडणारा दुसरा साधा उपाय मला ठाऊक नाही. पाण्याची पिशवी, नळी आणि टोकाला मऊ शंकू किंवा छोटा फुगा असलेली कॅथेटर, एवढेच साहित्य लागते. कमोडवर बसून सावकाश पाणी आत सोडायचे, सुरुवातीला २०० ते ३०० मिलिलिटर आणि सवय झाल्यावर ५०० ते १००० मिलिलिटरपर्यंत, मग ते मळासह बाहेर पडू द्यायचे. अर्धा-पाऊण तास लागतो. आतड्याचा शेवटचा भाग एकदम रिकामा झाला की पुढचे काही तास, कित्येकांना पुढचा पूर्ण दिवस, शौचाला जावेच लागत नाही, आणि जे काम वडील आज बारा वेळा करतात ते एकदाच, स्वतः ठरवलेल्या वेळी होते. पण हे पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ पाहून घरी सुरू करायचे नाही. जोड पूर्ण भरला आहे आणि अरुंद नाही याची खात्री हवी, पहिल्या काही वेळा प्रशिक्षित स्टोमा नर्ससमोर, म्हणजे पोटावरच्या पिशवीची काळजी शिकवणाऱ्या नर्ससमोर, करायला हवे आणि जोरात दुखले किंवा रक्त आले तर तिथेच थांबवायला हवे. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलसारख्या कर्करोग रुग्णालयांत स्टोमा नर्स असतात, मोठ्या शहरांतील इतर रुग्णालयांतही चौकशी करावी. पिशवी असताना वडिलांना ज्या नर्सने शिकवले, तिच्यापासूनच सुरुवात करा.

वारंवार धुण्याने सोलवटलेली त्वचा हे त्रास वाढण्याचे एक दुर्लक्षित कारण आहे. पाण्याने धुण्याची आपली पद्धत कागदापेक्षा चांगलीच आहे, पण जेटचा जोर कमी ठेवा, साबण आणि जंतुनाशक द्रव वापरू नका, जुन्या मऊ सुती कापडाने न घासता टिपून कोरडे करा आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर शौचाला जाण्यापूर्वीच लावून ठेवा. खाज सुटून कडेला पुरळ दिसू लागले तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, त्यावर वेगळे मलम लागते.

बाहेर पडण्याची सुरुवात जवळच्या, संडासाची खात्री असलेल्या ठिकाणापासून करा. पॅड, एक जादा विजार, पाण्याची बाटली आणि प्लास्टिकची पिशवी एवढे एका झोळीत कायम भरलेले असावे. एसटीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास आधी गोळी घ्यावी आणि थोडे खाऊन निघावे. नातेवाइकांच्या लग्नाला न जाण्याचे खरे कारण सांगणे वडिलांना जड जात असेल, तर तो भार आपण उचला. अशा ऑपरेशनमध्ये लघवी आणि लैंगिक क्रियेच्या नसांनाही इजा होऊ शकते. त्याविषयी ते मुलांसमोर बोलणार नाहीत, म्हणून पुढच्या तपासणीत त्यांना डॉक्टरांशी दहा मिनिटे एकट्याने बोलू द्या.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक खुलासा करतो. ज्यांच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग किंवा मोठ्या आतड्याची उजवी बाजू काढली आहे, किंवा पित्ताशय काढल्यानंतर ज्यांना पातळ शौच होते, त्यांचे कारण बहुधा निराळे, म्हणजे पित्तातील आम्ले मोठ्या आतड्यात उतरणे हे असते. तिथे कोलेस्टायरामिनची पावडर उपयोगी पडते आणि लहान आतड्याचा शेवट काढला असल्यास बी-१२ तपासावे लागते. वरचा क्रम त्यांनी जसाच्या तसा उचलू नये.

शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणे, ताप, बसल्यावर ओटीपोटात सतत दुखणे, किंवा सुधारत असलेला त्रास अचानक उलटणे, यांपैकी काहीही झाले तर ते लार्सच्या खात्यावर टाकू नका. कर्करोग परत आला आहे का आणि जोडाजवळ पू झाला आहे का, हे पाहावे लागते. उलट्या होत आहेत, पोट फुगले आहे आणि वायूही सरत नाही, असे असल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.

या सर्वांनीही भागले नाही तर घोट्याजवळच्या नसेला बारीक सुईतून सौम्य विद्युत संवेदना देण्याचा उपचार आहे, जो साधारण आठवड्यातून एकदा अर्धा तास, असा बारा आठवडे करतात. माकडहाडाच्या वर नसेजवळ यंत्र बसवण्याचाही उपाय आहे, पण तो महाग आहे आणि तो मोजक्या ठिकाणीच होतो. शेवटी कायमची पिशवी. वर्ष-दोन वर्षे सगळे प्रयत्न करूनही ज्यांचे आयुष्य संडासाभोवतीच फिरत राहते, त्यांनी विचारपूर्वक पुन्हा पिशवी घेण्यात पराभव मुळीच नाही. मोठ्या आतड्याची पिशवी ही पहिल्या, लहान आतड्याच्या पिशवीपेक्षा सांभाळायला सोपी असते, कारण तिच्यात मळ घट्ट येतो. पण चार महिन्यांवर तो निर्णय घेऊ नका, आणि वडिलांनी तो विषय काढला तर ‘असे बोलू नका’ म्हणून त्यांना गप्पही करू नका.

उद्यापासून एक वही करा. तीत शौचाची वेळ, मळ पातळ की घट्ट, घाई झाली का, कपडे खराब झाले का, काय खाल्ले आणि कोणती गोळी किती वाजता घेतली, एवढेच दोन आठवडे लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ‘सारखे जावे लागते’ या एका वाक्यावरून औषधाची मात्रा ठरवता येत नाही, पण पहाटे ५.४० ते ७.३० मध्ये सात वेळा, मग दुपारच्या जेवणानंतर तीन वेळा, अशी नोंद समोर असली की पहिली गोळी किती वाजता द्यायची हे त्या पानावरूनच ठरते.